राईत खाली ठेवलेलं

देवराईत चपला घालून जात नाहीत, एवढं मला माहीत होतं. चाकाच्या खुर्चीचं काय करायचं, ते मात्र तिथल्या राखणदार बाईलाही माहीत नव्हतं.

ती फाटकाजवळच्या दगडावर बसली होती. साठीच्या पुढची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. गावानं तिला तिथे बसवलेलं होतं. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. चपला काढलेल्या होत्या. मग माझ्या नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या पट्टीवर मोज्यांत ठेवलेले होते. मग तिची नजर चाकांवर गेली. चाकांना रस्त्यावरचं शेण लागलं होतं.

"ही चाकं भायेरची हायेत," ती म्हणाली.

"चाकं काही काढून ठेवता येत नाहीत बाई," मी म्हणाले. माझ्या आवाजात खोच होती. तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्यात असायची, दूधवाल्याशी बोलतानासुद्धा.

तिला ती लागली नाही. तिनं सावकाश विचार केला. "दादाला पायानं चालता येत नाय, मंग चाकं म्हंजी त्याचे पायच की. पाय धुवून जाऊ द्या," असं म्हणून तिनं कळशी आणली आणि खाली उकिडवं बसून चारही चाकं हातानं चोळून धुतली. पुढची लहान दोन चाकंही सोडली नाहीत. तीन वर्षं ह्यांचे पाय मी धूत होते. दुसरं कुणी इतक्या मायेनं धुताना पाहून मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी मोबाइलवर किती वाजले ते पाहिलं.

हे असंच चाललं होतं. मला काय होत होतं ते सरळ सांगते. काहीच होत नव्हतं. त्याच वर्षी माझा थोरला भाऊ गेला. त्याच्या दहाव्याला गोदाकाठी कावळा शिवायची वाट बघत आम्ही सगळे ऊन खात उभे होतो. बाकीचे डोळे पुसत होते आणि मला सडकून भूक लागली होती, दुसरं काही नाही. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मनात ह्यांच्या दुपारच्या गोळ्या मोजल्या.

ह्यांनी सातपूरला एका कारखान्यात लेथवर एकतीस वर्षं काढली. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. एका सकाळी पोहे खाताना हातातला चमचा पडला आणि तो उचलायला म्हणून वाकले ते तसेच कलंडले. उजवी बाजू गेली. वाचाही गेली होती, ती थोडी परत आली. शब्द एकेक करून येतात, मध्ये इतकी जागा सोडून की ऐकणारा माणूस तोवर दुसऱ्याशी बोलायला लागतो. मला सगळं कळतं. मी थांबत असे, सुरुवातीला तरी.

मुलगी पुण्यात असते. उंटावरून शेळ्या हाकते असं मी तिला तोंडावर म्हणते आणि ती रागावते. पण त्या वेळी तिनं एक काम केलं. शहराबाहेर एक जागा शोधली. अंथरुणाला खिळलेल्या, अर्धांग झालेल्या माणसांना कायमचं ठेवून घेतात, तशी. खोली सोमवारपासून मिळणार होती. मी हो म्हटलं होतं. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि ह्यांना अजून कुणीही काही सांगितलेलं नव्हतं.

हो का म्हटलं, तेही सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे. दिवाळीआधी एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून ह्यांची हाक आली. माझं नाव त्यांना नीट घेता येत नाही, पण हाक माझी होती, हे कळत होतं. मी कपडे घालून संपवले. मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राहिले. हाका येत होत्या. अर्धा तास मी ऐकत बसले. खाली गेले तेव्हा अंथरूण ओलं होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चादर बदलली. त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला.

"पण तू सांग हं आई त्यांना. न सांगता नेऊ नकोस," ती म्हणाली. आणि सांगायला बरी जागा म्हणून ही राई तिनंच फोनवर शोधली. पेठच्या अंगाला, डोंगराच्या पोटात, शेकडो वर्षं कुऱ्हाड न लागलेली. आता आत वनखात्यानं सपाट फरशीची वाट केली आहे, कठडा आहे, बाकं आहेत. 'व्हीलचेअर जाते,' असं तिनं लिहून पाठवलं आणि शेजारी एक झाडाचं चित्र. मी मनात म्हटलं, चला, चार भिंतींत सांगता येत नाही ते झाडांत तरी सांगता येईल.

फाटकाजवळ पाटी होती: पान, फूल, काटकी काही नेऊ नये. मी वाचत होते तोवर राखणदार बाई म्हणाली, "पाटीवर लिवलेलं समद्यांना ठावं. आनखी एक हाय. आत ओझं खाली ठिवायचं नाय. ठिवलं त्ये राईचं झालं."

"म्हणजे?"

"आमच्या बाया पलीकडून लाकडाची मोळी घिऊन येत्यात ना, राईतून येताना टेकवत नायत. मान मोडली तरी. खाली ठिवली का मोळी गेली. मंग हात लावायचा नाय."

माझ्या खांद्याला पिशवी होती. तिच्यात थर्मास, नॅपकिन, गोळ्या, एक जादा लेंगा. एरवी मी ती खुर्चीच्या मुठीला अडकवते. तिथे मात्र मी शहाण्यासारखी ती गळ्यातून आडवी घातली आणि म्हटलं, "नाही ठेवणार." देव कुणाचाही असो, आपण कशाला वाकड्यात जा.

आत शिरलो. बाहेर मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, ते चार पावलांत संपलं. वाट खरोखरच गुळगुळीत होती. अनवाणी पायांना फरशी गार लागत होती. खुर्ची इतकी हलकी चालत होती की आमच्या कॉलनीतल्या खड्ड्यांची सवय झालेले माझे हात उगीच जोर लावत होते. झाडं मोठी होती. किती मोठी ते सांगायचं तर एका बेहड्याच्या बुंध्यामागे आमचं स्वयंपाकघर लपलं असतं. गारंबीचा वेल ह्या झाडावरून त्या झाडावर गेलेला, माझ्या कमरेएवढा जाड. एक आंबा कधीतरी उन्मळून आडवा झाला होता, त्याला कुणी हलवलं नव्हतं. तो पडल्या जागी कुजत होता आणि त्याच्यावर दुसरी झाडं उगवली होती. मी मखमलाबादच्या फुलवाल्यांच्या घरची. आमच्या मळ्यात वाळलेलं पान दिसलं तरी बाप ओरडायचा. इथे कुणी काही आवरलेलंच नव्हतं. पसारा बघून मला वैताग आला. माणसाला कौतुक वाटावं अशा जागी वैताग येतो म्हणजे काय, हे मला कळत होतं. तरी येत होता.

हे मात्र बघत होते. मान मागे टाकून वर बघत होते. डाव्या हाताचं बोट वर करून मला काही दाखवत होते. मी "हो, हो" म्हणत होते, न बघता.

पहिल्या बाकापाशी मी थांबले. खुर्ची बाकाशेजारी आणली, स्वतः बसले. पिशवी मांडीवर, खाली नाही.

"अहो," मी म्हटलं, "सोमवारी..."

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली आहे, पण डोळे दोन्ही शाबूत आहेत. सगळा माणूस त्या डोळ्यांत येऊन बसलेला असतो.

"सोमवारी नळाला पाणी येणार नाहीये," मी म्हणाले. "पाइपलाइनचं काम आहे."

त्यांनी मान हलवली. एक पक्षी कुठेतरी टॉक टॉक करत होता. चौतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी कमी खोटं बोलले असेन असं नाही, साड्यांच्या किमती तर एकदाही खऱ्या सांगितल्या नाहीत. पण पाण्याचं हे खोटं बोलून झाल्यावर मला तिथे बसवेना.

"पुढे वाट कशी आहे बघून येते," मी म्हटलं. खाली वाकून दोन्ही ब्रेक लावले, आधी डावा, मग उजवा, नेहमीसारखे खटखट. आणि निघाले. पिशवी खांद्यावर होती.

वाट पुढेही तशीच सपाट होती. बघण्यासारखं काही नव्हतं. वळणानंतर खुर्ची दिसेनाशी झाली. मी चालत राहिले. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझे दोन्ही हात पुढे आहेत, मुठी वळलेल्या. खुर्ची नसताना मी खुर्ची ढकलत होते. हात खाली सोडले तर ते कुठे ठेवायचे तेच कळेना.

वाटेच्या शेवटी देव होता. शेंदूर फासलेले तीन दगड आणि लाकडाच्या जाड फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. समोर कुणीतरी वाहिलेले तांदूळ, मुंग्या ते नेत होत्या. मी हात जोडले. काही मागावंसं वाटलं नाही. पण बरं वाटत होतं. हे लिहायला मला अवघड जातंय, तरी लिहिते: त्या दहा-पंधरा मिनिटांत मला बरं वाटत होतं. आनंद वगैरे नाही. दुखता दात थांबतो, तेवढंच.

फरशी तिथे संपत होती, पण देवाच्या मागून मातीची पायवाट खाली उतरत होती. खाली झाडांतून डांबरी रस्ता दिसत होता. त्यावरून एक एसटी गेली. मी पायवाटेवर उतरले. वीसेक पावलं गेले असेन. पायाला खडे टोचत होते, चपला तर फाटकाशी होत्या. मी कुठे निघाले होते? कुठे नाही. पण थांबलेही नव्हते.

"ओ बाई! बाई ओ!"

हाक राखणदार बाईची होती. त्यात घाबरल्याचा सूर होता. मी वळले आणि धावत सुटले. वाटलं, हे पडले. पन्नाशी उलटल्यावर अनवाणी धावणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

हे पडले नव्हते. जिथे ठेवलं होतं तिथेच होते. बाई दिवा घेऊन देवाकडे निघाली होती, ती खुर्चीपासून हातभर लांब उभी होती, एका हातात दिवा, दुसरा हात पाठीमागे, चुकून स्पर्श होऊ नये तशी.

"दादाला खाली ठिवलं तुमी?" ती म्हणाली.

"खाली कुठे? खुर्चीत आहेत ते."

"ठिवून गेला ना पर."

"बाई, ते काय मोळी आहेत का? माणूस आहेत ते. आणि मघाशी तुम्हीच म्हणालात चाकं म्हणजे पाय. मग ते स्वतःच्या पायांनी आलेत आत." मला वाटलं मी बरोबर पकडलं तिला.

तिनं चाकांकडे बोट केलं. "मंग हे कुनी लावलं?"

ब्रेक.

"त्यो आपल्या मनानं बसला आसता तर बसला. तुमी त्याचं पाय बांधलं आन निघून गेलात. मानूस बसतो बाई, ठिवत्यात ते ओझं."

ती भांडत नव्हती. तिला खरंच काळजी पडली होती, आपल्या राखणीत असं घडलं याची. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली होती. ते हसत होते. मला त्या हसण्याचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर कितीतरी महिन्यांत मला आलेली ती पहिली ताजी भावना होती.

"मग आता काय करायचं?" मी म्हटलं. "इथेच सोडून जाऊ?"

"मागून घ्यायचं. हात नाय लावायचा आदी. देवाकडं तोंड करायचं आन ज्याचं त्यानं मागायचं. माजं हाय, चुकून ठिवलं, मला माघारी दे. मोठ्यानं."

यात काय अवघड होतं? मी देवाच्या दिशेला वळले. झाडांपलीकडे ते दगड दिसतही नव्हते. "माझं आहे," मी म्हणाले आणि थांबले.

चुकून ठेवलं, हे पुढे म्हणायचं होतं. मी चुकून ठेवलं नव्हतं. मी दोन ब्रेक नीट लावले होते, वळणापलीकडे गेले होते, पायवाट उतरले होते. सोमवारी पुन्हा ठेवणार होते, सह्या करून. देवराईतल्या देवाची मला भीती नव्हती. पण माझ्या पाठीमागे ते बसले होते आणि ऐकत होते, आणि त्यांच्यासमोर मला ते मोठ्यानं मागायचं होतं.

"लाजू नका. आमी सुदिक मागतो," बाई म्हणाली.

"माझा नवरा आहे," मी म्हणाले. आवाज रेशनच्या दुकानात असतो तसा कोरडा होता. उभ्या आयुष्यात मी त्यांना एकेरी बोलले नव्हते. "चुकून ठेवला. मला परत दे."

कुठे काही झालं नाही. वारासुद्धा आला नाही. बाईनं मान हलवली, "आता घ्या," म्हणाली आणि दिवा घेऊन पुढे निघून गेली. मी वाकून ब्रेक काढले.

परतीच्या वाटेवर मी कुठे थांबले नाही. फाटकाबाहेर आलो. भाड्याची गाडी समोर वडाखाली उभी होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. मी चपला घातल्या. ह्यांच्या अंगावरची शाल सारखी करायला पुढे आले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"सोमवारी," ते म्हणाले. मी थांबले. त्या दिवशी मी त्यांच्या प्रत्येक शब्दासाठी थांबले. "सोमवारी... मला... नेणार... ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तू. फोनवर." मग बराच वेळ काही नाही. "मला... वाचा... नाही. कान... आहेत."

म्हणजे दिवाळीच्या आधीपासून त्यांना सगळं माहीत होतं. इतके दिवस माझ्या हातचं जेवत होते, मी पाठ चोळत होते, आणि ते वाट बघत होते की ही कधी सांगेल. नळाचं पाणी सोमवारी येणार नाही यावरसुद्धा त्यांनी मान हलवली होती. त्यांनी मनगट सोडलं नाही. तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत होते. मला दिसत होतं, कपाळावर शीर उठली होती.

"मग... परत... का... मागितलंस?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला चाललं असतं, मी दोन दिले असते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "त्या बाईनं सांगितलं म्हणून." तेवढ्यात ड्रायव्हर आला आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना उचलून गाडीत बसवलं. नाशिक येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी पुढच्या सीटवर होते.

शनिवार गेला. रविवार गेला. मी त्यांचे सदरे, लेंगे, गोळ्यांचे डबे बॅगेत भरले. त्यांच्यासमोरच भरले. स्वेटर दोन ठेवू की एक, हेही विचारलं. त्यांनी दोन बोटं दाखवली.

सोमवारी पहाटे मला जाग आली ती कसल्यातरी खुडबुडीनं. दिवा लावला. ते पलंगाच्या कडेला उठून बसले होते. एकट्यानं कसे उठले, मला माहीत नाही. अंगात पांढरा सदरा होता, कारखान्यातल्या निरोप-समारंभाचा. तीन वर्षांत त्यांनी स्वतः कपडे केले नव्हते. एका हातानं, अंधारात, कधीपासून लागले होते कुणास ठाऊक. उजवी बाही रिकामी लोंबत होती, तो हात आतच राहिला होता. गुंड्या सगळ्या लावलेल्या होत्या, एक घर चुकून.

मी सारख्या करायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी... तयार... आहे."

तिथे उभ्या उभ्या मला त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कळलं. त्या बाईनं सांगितलं म्हणून मी मागितलं नव्हतं. मला ते हवे होते. मी तसं सांगितलं असतं तर ते घरीच राहिले असते. खाली न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. मी बॅग उचलली.